न विचारता हलवलेला डेस्कटॉप

आपल्याकडच्या ऑफिसांत हल्ली एक वाक्य सर्वज्ञाच्या थाटात फेकलं जातं: ‘काळजी कशाला करता, सगळं वर आहे ना!’ वर म्हणजे क्लाउडवर. फाइल सापडत नाही? वर आहे. लॅपटॉप हातातून पडला? वर आहे. ऑडिटर मागच्या तीन वर्षांचे कागद मागतोय? वर असतीलच कुठेतरी. पूर्वी जी जबाबदारी आपण देवावर टाकून मोकळे होत होतो, ती आता वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह नाहीतर ड्रॉपबॉक्सवर टाकतो. फरक एवढाच की देव दरमहा माणशी बिल लावत नव्हता.

या वाक्यामागे एक अख्खं मत उभं आहे आणि ते मांडणारी माणसं काही अडाणी नाहीत. त्यामुळे ते आधी त्यांच्याच भाषेत ऐकून घेऊ. मत असं: कर्मचारी बेशिस्त असतात. सगळं डेस्कटॉपवर टाकतात, कुठेही प्रत ठेवत नाहीत, आणि हार्ड डिस्क गेली की आयटीच्या नावाने बोंब मारतात. त्यांना विचारत बसलं तर ‘नंतर बघू’ म्हणतात. तेव्हा विचारूच नये. ॲडमिनने एक पॉलिसी लावावी आणि सगळ्यांचे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर एका रात्रीत क्लाउडकडे वळवावेत. कोणाला ते परत फिरवता येऊ नयेत म्हणून वर कडी घालावी. मशीनवरची जागा वाचवायला फाइली शक्यतो वरच ठेवाव्यात. झाला बॅकअप. सेटिंग हा तांत्रिक मामला आहे, त्यात टेबलावर बसणाऱ्याने नाक खुपसायचं कारण नाही.

ऐकायला किती नीटनेटकं! आणि यातलं जवळजवळ प्रत्येक विधान खोटं आहे.

सुरुवात त्या ‘विचारूच नये’पासून करू. विंडोजचे नेहमीचे फोल्डर वनड्राइव्हकडे वळवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आणली. तिच्यात ॲडमिनला दोन वाटा सरळ दिलेल्या आहेत. पहिल्या वाटेत युजरसमोर खिडकी उघडते: तुमचे हे फोल्डर हलवायचे आहेत, परवानगी द्या. दुसऱ्या वाटेत काहीच उघडत नाही, फोल्डर आपोआप हलतात. ‘सायलेंटली’ असं त्या पॉलिसीच्या नावातच लिहिलेलं आहे. त्या दुसऱ्या वाटेतही खाली एक बारीक पर्याय आहे: हलवून झाल्यावर निदान सूचना तरी दाखवायची का? हो की नाही? आणि युजरला फोल्डर परत आपल्या मशीनवर नेता येऊ नयेत यासाठी आणखी एक वेगळी पॉलिसी. आता मला सांगा, विचारायची सोय हाताशी असताना न विचारणं, सांगायची सोय असताना ‘नाही’ निवडणं, याला तंत्रज्ञानाचा नाइलाज म्हणायचं की ऑफिसचा स्वभाव? सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला सुचलेलं सौजन्य वापरणाऱ्याला परवडत नाही, असा हा प्रकार आहे.

आणि ‘विचारलं नाही म्हणून बिघडतं काय?’ असं विचारणाऱ्यांनी महिन्याच्या वीस तारखेला भोसरीतल्या एखाद्या कारखान्याच्या अकाउंट्स विभागात जाऊन उभं राहावं. जीएसटीचं थ्री-बी भरायचा शेवटचा दिवस. तिथल्या मॅडमनी आठ-दहा वर्षं खपून एक एक्सेल शीट उभं केलेलं असतं. त्यात खरेदीची शीट जोडलेली, विक्रीची जोडलेली, आणि कोण्या जुन्या सहकाऱ्याने लिहून दिलेला एक मॅक्रो. बटण दाबलं की तो शेजारच्या फोल्डरातल्या फाइली एकेक करून उचलतो. आदल्या रात्री फोल्डर हलले. सकाळी डेस्कटॉप दिसायला जसाच्या तसा, पण त्याचा पत्ता बदललेला. सी ड्राइव्हवर मॅडमच्या नावाखाली जो डेस्कटॉप होता, तो आता वनड्राइव्ह आणि कंपनीचं नाव मिरवणाऱ्या नव्या फोल्डरच्या पोटात जाऊन बसलाय. दुसऱ्या टेबलांवरच्या ज्या शीटांनी जुना पत्ता धरून ठेवला होता त्या आता ‘सोर्स सापडत नाही’ म्हणतात. मॅक्रोची गंमत आणखी वेगळी. तो ‘मी कोणत्या फोल्डरात आहे?’ असं एक्सेलला विचारतो आणि एक्सेल त्याच्या हातावर एचटीटीपीएसने सुरू होणारा वेबपत्ता ठेवतं. मॅक्रो बिचारा सी ड्राइव्हच्या काळातला. वेबपत्त्यावरून फोल्डर कसं उघडायचं हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. तो पिवळ्या पट्टीवर थांबतो. मॅडम आयटीला फोन लावतात. आयटीचा मुलगा नम्रपणे सांगतो, ‘मॅडम, फाइल कुठे गेली नाहीये. सगळं वर आहे.’

बाईंना फाइल वर आहे की खाली याच्याशी घेणं-देणं नाही. त्यांना सहाच्या आत रिटर्न भरायचंय. त्यांना चार दिवस आधी नुसतं विचारलं असतं, ‘तुमच्याकडे एकमेकींना जोडलेल्या शीट आहेत का? मॅक्रो आहेत का?’ तर त्यांनी बोट ठेवून दाखवलं असतं. हे ज्ञान ॲडमिनच्या कन्सोलवर दिसत नाही, ते त्या टेबलावरच असतं.

तीच गोष्ट टॅलीच्या डेटाची आणि आउटलुकच्या पीएसटी फाइलची. या फाइली दिवसभर उघड्या असतात आणि दर मिनिटाला बदलतात. पीएसटी फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरात ठेवू नका असं खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगतं. हिशेबाच्या प्रोग्रामचा डेटा फोल्डर दोन मशीनवरून सिंक होऊ लागला तर कोणती नोंद खरी हे सिंकला ठरवता येत नाही. त्याला फाइल कळते, व्हाउचर कळत नाही. मग एका फाइलच्या दोन होतात, दुसरीच्या नावाला शेपूट म्हणून कॉम्प्युटरचं नाव चिकटतं, आणि त्यातली खरी कोणती हे शोधायला पुन्हा त्याच बेशिस्त कर्मचाऱ्याला बोलावलं जातं.

आता मुख्य मुद्दा. झाला बॅकअप, म्हणे! सिंकचं काम एकच आहे: इथे जे घडलं ते तिथे घडवायचं. नवी फाइल केली, तिथे झाली. चुकीची केली, तिथेही चुकीची झाली. पुसली, तिथूनही पुसली गेली. आज्ञाधारकपणाचा एवढा कडेलोट ज्या यंत्रणेत आहे तिला रखवालदार नेमायचं? बॅकअपची प्रत तुमच्या आजच्या चुकीला जुमानत नाही, म्हणून तर ती हवी असते. सिंक ती चूक शब्दशः पाळतं. वनड्राइव्हच्या सेटिंगमध्येच या सोयीला ‘बॅकअप’ असं नाव दिलेलं आहे हे मला ठाऊक आहे, आणि बरीचशी फसगत तिथूनच सुरू होते. मात्र त्याच मायक्रोसॉफ्टने सामान्य ग्राहकांसाठीच्या सेवा करारात, आमच्याकडे ठेवलेल्या मजकुराची नियमित प्रत तुम्ही ठेवत जा, असा सल्लाही देऊन ठेवलाय. बटणावर एक आणि करारात दुसरं. तुम्ही यातलं काय वाचलंत?

या फसगतीचा सगळ्यात ठरलेला नमुना बघा. माणूस ब्राउझरमध्ये वनड्राइव्ह उघडतो. तिथे त्याला ‘डेस्कटॉप’ नावाचं फोल्डर दिसतं, आत आपल्याच सगळ्या फाइली. त्याला कोणी काही सांगितलेलं नाही. तो सरळ विचार करतो, आपल्या फाइली तर मशीनवर आहेतच, ही वरची नक्कल फुकट जागा खातेय. तो ती साफ करतो. मग ब्राउझर मिटतो, आणि खाली डेस्कटॉप रिकामा. यात चूक कोणाची? त्याने केलं ते तर्काला धरूनच होतं. एकाच फाइलची दोन रूपं आपण त्याच्यापुढे मांडली आणि ती एकच आहे हे सांगायला विसरलो. शेअर केलेल्या फोल्डरात तर हाच किस्सा सामुदायिक होतो. एकजण ‘माझ्या मशीनवर हे नको’ म्हणून प्रोजेक्टचं फोल्डर उडवतो आणि अख्ख्या टीमच्या मशीनवरून ते नाहीसं होतं.

‘पण रिसायकल बिन आहे की! जुन्या आवृत्त्या मिळतात की! महिन्याभरात काही बिघडलं तर अख्खं वनड्राइव्ह मागे नेता येतं की!’ आहे. मिळतात. नेता येतं. एवढं मान्य. पण या जाळ्यांना मुदत आहे. कंपनीच्या वनड्राइव्हच्या बिनमध्ये पुसलेली फाइल ९३ दिवस राहते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस. आता आपल्या ऑफिसातल्या फाइली आठवा. ग्रॅच्युइटीचा तक्ता वर्षातून एकदा उघडतो. लिफ्टच्या देखभालीचा करार, बँक गॅरंटीचं पत्र, भाडेकरार, जुन्या कामगारांचे पीएफचे तपशील यांच्याकडे कोणी वर्ष-वर्ष ढुंकून बघत नाही. मेमध्ये चुकून पुसलेली फाइल गेलीय हे मार्चअखेरीला कळतं. तोवर ९३ दिवस कधीच सरलेले असतात. रोज लागणारी फाइल हरवली तर तासाभरात ओरड होते, ती परत मिळतेही. हरवून कळत नाही अशा फाइलींसाठीच बॅकअप असतो, आणि नेमकं तिथेच हे जाळं फाटकं आहे.

जगात हा प्रयोग आधी कोणी केलाच नाही असंही नाही. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा विध्वंसक प्रोग्राम युक्रेनमधून सुटला आणि मर्स्क या जहाजकंपनीचं जगभरचं जाळं काही तासांत ठप्प झालं. त्याचा फटका आपल्या उरणपर्यंत, जेएनपीटीतल्या मर्स्क-समूहाच्या टर्मिनलपर्यंत पोचला, कंटेनरची ये-जा खोळंबली. कोणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे मर्स्कचे दीडशेच्या आसपास सर्व्हर जगभर पसरलेले होते. ते एकमेकांशी सिंक होत. कल्पना अशी की एक गेला तर उरलेले आहेतच, प्रत्येकजण दुसऱ्याचा बॅकअप. सगळे एकदमच जातील ही शक्यता कोणी धरलीच नव्हती. सगळे एकदमच गेले. अपवाद एकच, घानातल्या कार्यालयातला सर्व्हर. तो वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो जाळ्यातून बाहेर पडला होता. त्या एका प्रतीवरून पुढे सगळं उभं राहिलं. लोडशेडिंगला दुवा देण्याची वेळ एका बहुराष्ट्रीय कंपनीवर यावी, याहून स्पष्ट धडा काय हवा? जी प्रत सिंक झाली नव्हती तीच कामाला आली.

‘तो सायबर हल्ला होता हो, रोज थोडाच होतो.’ बरं. मग रोजचंच उदाहरण घेऊ. ऑक्टोबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चं मोठं अपडेट सोडलं आणि चारच दिवसांत थांबवलं. कारण? काही लोकांच्या फाइली पुसल्या जात होत्या. आणि कोणाच्या? ज्यांचे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स असे फोल्डर दुसरीकडे वळवलेले होते पण ज्यांच्या काही फाइली जुन्याच जागी राहिल्या होत्या, त्यांच्या. अपडेटने जुनी फोल्डरं रिकामी नि निरुपयोगी समजून उडवली. फटका बसलेल्यांचं प्रमाण अगदी थोडं होतं हे खरं, अपडेट दुरुस्त होऊन नोव्हेंबरात पुन्हा आलं हेही खरं. पण ज्यांनी ती प्रणाली बनवली त्यांनाही फोल्डर वळवल्यावर खरी फाइल कोणत्या जागी आहे याचा अंदाज चुकतो, तिथे आपल्या ऑफिसात एका दुपारी पॉलिसी लावून मोकळं होणाऱ्याचा आत्मविश्वास कोणत्या दुकानात मिळतो? २०२३ च्या नोव्हेंबरात गूगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप ॲपमध्ये असाच घोळ झाला. सिंक न झालेल्या फाइली गायब झाल्या आणि खातं डिसकनेक्ट करू नका असं गूगलला लोकांना सांगावं लागलं.

आणि वर आहे म्हणजे तरी कुठे आहे? कोणाच्या तरी इमारतीत, कोणाच्या तरी डिस्कवर. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला लिथियम बॅटऱ्यांमुळे आग लागली. तिथे ‘जी-ड्राइव्ह’ होतं, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांचं क्लाउड फोल्डर. कामाची कागदपत्रं आपल्या मशीनवर न ठेवता तिथेच ठेवा, असं त्यांना कित्येक वर्षं सांगितलं जात होतं. त्यातला ८५८ टेराबाइट डेटा जळाला आणि दुसरीकडे त्याची प्रत नव्हती. का नव्हती? साठा फार मोठा होता म्हणून. आपल्याकडे २१ जून २०१२ ला मंत्रालय पेटलं तेव्हा कागदी फाइली जळल्या, आणि कागदाच्या जमान्यातून बाहेर पडा असा उपदेश सगळ्यांनी केला. कोरियातले कर्मचारी कधीच बाहेर पडले होते. ज्यांनी आज्ञा मोडून स्वतःच्या मशीनवर प्रत ठेवली असेल, त्यांचं तेवढं काम वाचलं असणार. म्हणजे ‘बेशिस्त’ वाचले.

आता त्या बेशिस्तीकडे वळू, कारण सगळ्या मताचा पाया तोच आहे. लोक सगळं डेस्कटॉपवर का टाकतात? आळस म्हणून? सर्व्हरवरचा शेअर्ड ड्राइव्ह उघडायला दोन मिनिटं लागतात म्हणून. त्या ड्राइव्हवर कोणाचं फोल्डर कुठे हे माणसं बदलली तसं बदलत गेलं म्हणून. मागच्या साहेबांनी वर्षानुसार फोल्डर केली, आताच्यांनी ग्राहकानुसार, आणि दोन्ही अर्धवट राहिली म्हणून. डेस्कटॉप ही ऑफिसातली एकमेव जागा आहे जिथे माणसाला आपली फाइल नक्की सापडते. तुम्ही आधी बाकीच्या जागा बिघडवल्या, मग उरलेली एक जागाही रातोरात हलवली, आणि वर म्हणता लोकांना शिस्त नाही. शिस्तीचा अभाव टेबलावर आहे की सर्व्हर रूममध्ये, हे एकदा तपासून बघायला हरकत नाही.

जागा वाचण्याच्या युक्तिवादावर फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. फाइल फक्त वर ठेवली की तिच्यापुढे निळ्या रेघेचा ढग दिसतो, मशीनवर उतरली की हिरवी टिक, कायम मशीनवर ठेवायची ठरवली की भरीव हिरवं वर्तुळ. या तीन चिन्हांतला फरक तुमच्या ऑफिसात किती जणांना समजावून सांगितलाय? साइटवर निघालेला इंजिनिअर लॅपटॉपवर नकाशाच्या फाइलचं नाव बघतो, निश्चिंत होतो, आणि गाडी घाटात शिरून बोगदे लागले की फाइल उघडत नाही. नाव होतं, फाइल नव्हती. बरेच दिवस न उघडलेल्या फाइली आपोआप खालून काढून फक्त वर ठेवण्याची सेटिंगही विंडोजमध्ये आहे. म्हणजे महिन्यापूर्वी उतरवलेली फाइल आज मशीनवर असेलच याची खात्री नाही. डिस्कवरची जागा वाचवण्याच्या हौसेपायी माणसाचा दिवस खर्ची पडतो, त्याचा हिशेब कोणत्या डॅशबोर्डवर दिसत नाही.

यापेक्षा गंभीर गोष्ट खासगी फाइलींची. ऑफिसच्या मशीनच्या डेस्कटॉपवर काय काय असतं? आधारचा स्कॅन, मुलीच्या प्रवेशाचा फॉर्म, गृहकर्जाची कागदं, आईचे तपासणीचे रिपोर्ट. ‘ऑफिसच्या मशीनवर खासगी ठेवायचंच कशाला?’ असा सवाल तयार असतो. का म्हणजे? रात्री आठ-आठपर्यंत माणूस तिथे बसलेला असतो, त्याच मशीनवरून एचआरला पॅन नि आधार अपलोड करायला तुम्हीच सांगता, आणि मग त्याने ते घरी जाऊन छापून आणावं अशी अपेक्षा? नको असेल तर तसं आधी सांगा, चार दिवस द्या, लोक हलवतील. तुम्ही न सांगता त्यांची फाइल कंपनीच्या खात्यात ओढली, तिथे ॲडमिनला ती उघडता येते. माणूस नोकरी सोडून गेला आणि खातं पुसलं की त्याच्या वनड्राइव्हचा ताबा त्याच्या वरिष्ठाकडे जातो आणि मुदत वाढवली नसेल तर ३० दिवसांनी सगळं नष्ट व्हायच्या रांगेत लागतं, ही मूळची सेटिंग आहे. म्हणजे आईचा रिपोर्ट आधी साहेबांना दिसणार आणि मग कायमचा जाणार. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संसदेने केला तेव्हा संमती या गोष्टीवर एवढी चर्चा झाली, आणि इकडे ऑफिसात संमतीची खिडकी बंद करण्याला कार्यक्षमता म्हणतात.

याची दुसरी बाजू कोणी दाखवेल: लोक ऑफिसच्या मशीनवर स्वतःचं जीमेल उघडून ऑफिसच्या फाइली घरच्या ड्राइव्हवर चढवतात, त्याचं काय? खासगी खात्यांचं सिंक बंद करा, कंपनीच्याच खात्याला परवानगी ठेवा. त्याच्याही पॉलिसी आहेत आणि त्या जरूर लावा. फक्त त्यासाठी माणसाचा डेस्कटॉप गुपचूप हलवावा लागत नाही. कुलूप दाराला लावायचं असतं, म्हणून कोणी घरातलं सामान हलवत नाही.

राहता राहिला ‘तांत्रिक मामला’. कोणतं फोल्डर वर जायचं, कोणतं जायचं नाही, पुसलेली फाइल किती दिवस ठेवायची, माणूस गेल्यावर त्याचं काम कोणाच्या हाती जायचं: यातला एकही प्रश्न तांत्रिक नाही. हे कामाचे प्रश्न आहेत, काही कायद्याचे आहेत. कंपन्यांच्या २०१४ च्या लेखाविषयक नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. इलेक्ट्रॉनिक हिशेबांची बॅकअप प्रत भारतात असलेल्या सर्व्हरवर आधी ठरावीक काळाने ठेवायची होती, ती आता रोज ठेवायची आहे. तुमचं सिंक फोल्डर या नियमाला उत्तर म्हणून पुढे करायचं ठरवलंत, तर ज्या प्रतीतून मूळ पुसताच नक्कल पुसली जाते तिला प्रत म्हणायचं का, हे सीएंना विचारून बघा. आणि तो डेटा कुठल्या देशात आहे हे आयटीच्या मुलाला विचारून बघा. दोघेही तुमच्याकडेच बघतील. कारण निर्णय तुमचा होता आणि तुम्ही तो एका चेकबॉक्सवर सोडला.

सिंक वाईट असं माझं म्हणणं नाही. दोन मशीनवर काम करणाऱ्याला, पाच जणांनी मिळून एक प्रेझेंटेशन करायला त्याच्यासारखी सोय नाही, ती वापरावी. पण तिला तिच्या लायकीचं काम द्यावं. कोणाच्या टेबलावर काय चालतं हे आधी जाऊन बघावं. जोडलेल्या शीट, मॅक्रो, टॅली, पीएसटी यांच्या फाइली सिंकच्या बाहेर ठेवाव्यात. फोल्डर हलवायचे तर विचारून, तारीख सांगून, टप्प्याटप्प्याने हलवावेत. एकाच सोमवारी चाळीस मशीन एका ब्रॉडबँडवर आपापला डेस्कटॉप चढवायला लावणं ही शिस्त नसते, ती चेंगराचेंगरी असते. आणि या सगळ्यापासून वेगळा, वेगळ्या पासवर्डखाली, ॲडमिनचं खातं चोरीला गेलं तरी हात लागणार नाही असा खरा बॅकअप असावा. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी, हा नियम क्लाउडच्या लाटेआधीपासून सांगितला जातोय, त्यात क्लाउडमुळे एक अक्षरही बदललेलं नाही. हे सगळं करायला वेळ लागतो, पैसे लागतात आणि माणसांशी बोलावं लागतं. गुपचूप पॉलिसी लावायला यातलं काहीच लागत नाही. तिच्या लोकप्रियतेचं कारण सुरक्षितता नाही, हे आहे.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी माझ्याशी वाद घालू नये, एक काम करावं. उद्या सकाळी अकराला आयटीच्या माणसाला आणि ज्यांनी या पॉलिसीवर सही केली त्या साहेबांना एका टेबलाशी बसवावं. चार महिन्यांपूर्वी पुसलेल्या एका फाइलचं नाव कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवावं, आणि जेवणाच्या सुट्टीआधी ती फाइल, त्या दिवशीच्या आकड्यांसह, स्क्रीनवर उघडून मागावी.